डाउटी स्ट्रीटवरील घर

लंडन शहरात डाउटी स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. तेथे ४८ क्रमांकाचे एक उंच, विटांचे घर आहे. थोर इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८३७ ते १८३९ या काळात येथे राहत होते. पुढे हे घर पाडले जाणार होते. पण त्यांच्या चाहत्यांनी ते वाचवले. १९२५ साली तेथे संग्रहालय उघडले. लोक डिकन्स यांचे लिहिण्याचे मेज पाहतात, त्यांची पुस्तके पाहतात. तेथेच तुरुंगाची एक लोखंडी जाळीही ठेवलेली आहे. लेखकाच्या घरात ती कशासाठी?

डिकन्स यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी पोर्ट्समथ येथे झाला. वडील नौदलाच्या कचेरीत कारकून होते. मिळकतीपेक्षा खर्च जास्त, म्हणून कर्ज वाढत गेले. १८२४ साली त्यांना मार्शलसी तुरुंगात जावे लागले. ती जाळी त्याच तुरुंगाची आहे.

चार्ल्स तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याची शाळा बंद झाली. नदीकाठच्या एका पडक्या इमारतीत बुटाच्या पॉलिशचा कारखाना होता. तेथे पॉलिशच्या भांड्यांवर कागद बांधायचा आणि वर छापील चिठ्ठी चिकटवायची, हे त्याचे काम. रविवारी तो तुरुंगात जाऊन वडिलांना भेटे. काही महिन्यांनी वडील सुटले. तरीही त्याने कामावर जावे, असे आईला वाटत होते. वडिलांनी मात्र त्याला शाळेत घातले. आईचा तो विचार डिकन्स जन्मभर विसरू शकले नाहीत.

पुढे त्यांना मोठी कीर्ती मिळाली. पण कारखान्यातील दिवसांची त्यांना लाज वाटे. ती हकीकत त्यांनी आपले मित्र जॉन फॉर्स्टर यांना सांगितली. ९ जून १८७० रोजी डिकन्स वारले. त्यानंतर फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातून ती वाचकांना कळली.

तोंडाने जे सांगता आले नाही, ते त्यांच्या लेखणीने सांगितले होते. डाउटी स्ट्रीटवरील घरात त्यांनी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ही उपाशी, अनाथ मुलाची कथा लिहिली. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये तर गोदामात राबणारा लहान मुलगा आहे.

आज संग्रहालय पाहून झाले, की लोक तेथल्या चहाघरात निवांत बसतात. मुलांनो, चहाच्या दुकानात कपबशा विसळणारा एखादा मुलगा तुम्हांला दिसला, तर ती लोखंडी जाळी आठवा. त्याच्याही मनात एखादी गोष्ट असेल. त्याला फक्त शाळा मिळायला हवी.