बायबलच्या वचनांना क्रमांक देणारा मुद्रक : रोबेर एतिएन

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक म्हटलं, की कोणतीही प्रत उघडा, तोच श्लोक समोर येतो. श्लोक छंदात बांधलेला असतो, त्यामुळे तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे वेगळं ठरवावं लागत नाही. बायबलमधल्या नव्या कराराचं तसं नाही. तो ग्रीक भाषेतला, बहुतांश गद्य मजकूर आहे. तरीही आज योहान ३:१६ म्हटलं, की मराठी असो, इंग्रजी असो वा कोरियन, प्रत्येक भाषांतरात तेच वचन सापडतं.

ही सोय करून ठेवली सोळाव्या शतकातल्या एका फ्रेंच मुद्रकाने. त्याचं नाव रोबेर एतिएन. अभ्यासक त्याला स्टेफानस या लॅटिन नावानेही ओळखतात.

छापखान्यातच वाढला

रोबेरचा जन्म १५०३ मध्ये पॅरिसला झाला. वडील मुद्रक होते. १५२० मध्ये ते वारले आणि आईने सिमों द कोलीन या मुद्रकाशी लग्न केलं. रोबेर सावत्र वडिलांच्या हाताखाली काम शिकला आणि १५२६ पासून छापखाना स्वतः चालवू लागला. त्याची बायको पेरेत हीसुद्धा मुद्रकाचीच मुलगी. घरात देशोदेशीचे मुद्रितशोधक राहायचे आणि त्यांची आपसातली भाषा लॅटिन होती. त्यामुळे घरातल्या नोकरचाकरांनाही लॅटिन समजत असे.

लॅटिनचा मोठा शब्दकोश, लॅटिन-फ्रेंच कोश आणि बायबलच्या एकामागून एक आवृत्त्या या छापखान्यातून निघाल्या. राजा पहिला फ्रान्सिस याने त्याला राजमुद्रक नेमलं. त्याच्या ग्रीक पुस्तकांसाठी राजाच्या खर्चाने क्लोद गारामाँ या कारागिराकडून खास खिळे घडवून घेतले. संगणकावरचा गॅरामाँड फॉन्ट याच कारागिराच्या नावाचा.

धर्मपंडितांचा रोष

जुनी हस्तलिखितं ताडून बायबलचा शुद्ध पाठ छापायचा, हा रोबेरचा ध्यास होता. पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठातल्या धर्मपंडितांना मात्र हा अधिकार एका मुद्रकाने घ्यावा, हेच मान्य नव्हतं. त्याच्या टीपांमध्ये त्यांना पाखंड दिसू लागलं.

हे भांडण जिवावर बेतू शकत होतं. १५४६ मध्ये एतिएन दोले या मुद्रकाला पॅरिसमध्येच फाशी देऊन त्याचं प्रेत पुस्तकांसह जाळण्यात आलं होतं. रोबेरला राजाचा आधार होता, पण १५४७ मध्ये पहिला फ्रान्सिस वारला आणि तो आधार गेला. १५५० मध्ये रोबेरने ग्रीक नवा करार छापला. त्यात वेगवेगळ्या हस्तलिखितांमधले पाठभेद समासात दिले होते. पंडित आणखी बिथरले. त्याच वर्षी रोबेरने पॅरिस सोडलं आणि तो जिनिव्हाला गेला.

क्रमांक आले कसे?

बायबलचे अध्याय तेराव्या शतकापासून रूढ होते. ते पाडण्याचं श्रेय स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूला दिलं जातं. जुन्या कराराच्या हिब्रू पाठात वचन संपल्याची खूणही पूर्वीपासून होती. पाग्निनुस या विद्वानाने १५२८ मध्ये वचनांना क्रमांक देऊन पाहिले, पण नव्या करारातली त्याची विभागणी टिकली नाही.

जिनिव्हात १५५१ मध्ये रोबेरने छापलेल्या नव्या करारात मधल्या रकान्यात मूळ ग्रीक होतं आणि दोन बाजूंना दोन लॅटिन भाषांतरं होती. एक चर्चमध्ये चालत आलेलं, दुसरं इरॅस्मसचं. तिन्ही रकान्यांमध्ये प्रत्येक वचन नव्या ओळीवर, क्रमांकासह. त्यामुळे मूळ वाक्य आणि त्याची दोन भाषांतरं चटकन शेजारी ठेवून वाचता येऊ लागली. कोणता शब्द कुठे आला आहे हे सांगणारी ग्रीक शब्दसूची करण्याचाही त्याचा बेत होता. तिच्यासाठी तर असे क्रमांक हवेच होते.

मुलगा आंरी याने पुढे लिहून ठेवलं, की यातलं बरंचसं काम वडिलांनी पॅरिसहून ल्योंला जाताना प्रवासात केलं. त्यावरून, चुकीच्या जागी पडलेले क्रमांक म्हणजे घोड्याला बसलेले हिसके, असा विनोद रूढ झाला. वाटेतल्या मुक्कामांत हे काम झालं असावं, असंही काही अभ्यासक मानतात. आंरीच्या म्हणण्याप्रमाणे, तेव्हा अनेकांना हा उद्योग निरुपयोगी आणि हसं करून घेणारा वाटला होता.

गुण आणि दोष

झालं उलटंच. रोबेरने १५५३ मध्ये संपूर्ण फ्रेंच बायबल आणि १५५५ मध्ये संपूर्ण लॅटिन बायबल क्रमांकांसह छापलं. १५६० च्या इंग्रजी जिनिव्हा बायबलनेही हीच पद्धत घेतली आणि पुढे ती जगभर गेली.

दोषही राहिले. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात ३ ते १४ ही वचनं मूळ ग्रीकमध्ये एकच लांबलचक वाक्य आहेत. क्रमांकांमुळे त्याचे १२ तुकडे झाले. मत्तय १७:२१ हे वचन सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, म्हणून काही आधुनिक भाषांतरांत ते मजकुरातून वगळलं जातं. पण पुढचे क्रमांक कोणी बदलत नाही. तिथे २० नंतर थेट २२ येतो. बदलले, तर जगातल्या सगळ्या भाषांतरांचा मेळ मोडेल.

रोबेर पॅरिसला परतला नाही. जिनिव्हात त्याने जॉन कॅल्व्हिनचे ग्रंथ छापले आणि १५५९ मध्ये तिथेच तो वारला. त्याने आखलेली ग्रीक शब्दसूची अखेर १५९४ मध्ये आंरीने प्रसिद्ध केली.