विश्लेषण : राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी गिरगाव चौपाटीवर विमान उडाले होते? शिवकर तळपदे नेमके कोण होते?

दरवर्षी १७ डिसेंबर जवळ आला, की मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश हमखास फिरतो. राइट बंधूंनी १९०३ मध्ये विमान उडवले, पण त्याआधी आठ वर्षे, १८९५ मध्ये, मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवून दाखवले होते, असा त्याचा मजकूर. त्याखाली दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. एक अभिमानाची, दुसरी खिल्लीची. दोन्हींमध्ये तळपदे हा माणूस मात्र कुठेच नसतो. जेमतेम पन्नास-बावन्न वर्षांच्या त्यांच्या आयुष्यातला एकच दिवस लोकांच्या लक्षात राहिला आणि तोही सिद्ध न झालेला. हे आयुष्य कसे होते, विमानाची गोष्ट कुठून आली आणि तिच्यात किती तथ्य आहे, हे समजून घेऊ.

चिराबाजार ते जे. जे.

तळपदे यांचा जन्म १८६४ चा, मुंबईतल्या पाठारे प्रभु कुटुंबातला. चिराबाजार, ठाकूरद्वार, गिरगाव हा या ज्ञातीचा जुना मुलूख. शिक्षण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले आणि पुढे त्यांनी तिथेच शिकवण्याचे काम केले. आज जे. जे. म्हटले की रंग आणि कॅनव्हास डोळ्यांसमोर येतो. त्या काळात मात्र ही शाळा हातकामाचीही होती. मोजमाप घेऊन रेखाटन करणे, लाकूड कोरणे, धातूवर काम करणे हे तिथे चालत असे. १८९१ मध्ये याच आवारात लॉर्ड रे यांच्या नावाची कलाकुसरीची कार्यशाळा सुरू झाली. एखाद्या वस्तूची प्रतिकृती प्रमाणात कशी बनवायची, हे शिकायला त्या वेळच्या मुंबईत याहून चांगली जागा क्वचितच असेल. तळपदे यांच्या पुढच्या उद्योगाकडे पाहताना हा धागा सहसा सुटतो. ते शास्त्रज्ञ किंवा इंजिनीअर नव्हते. ते हाताने वस्तू घडवणारे शिक्षक होते.

दुसरा धागा आर्य समाजाचा. स्वामी दयानंद सरस्वती यांनी १८७५ मध्ये आर्य समाजाची स्थापना केली ती गिरगावातच. तेव्हा तळपदे अकरा वर्षांचे होते. पुढे चिरंजीलाल वर्मा या गुरूंमुळे त्यांची दयानंदांच्या ग्रंथांशी ओळख झाली, असे त्यांच्या चरित्रात येते. दयानंदांच्या ऋग्वेदादिभाष्यभूमिकेत नौका आणि विमानविद्येवर एक प्रकरण आहे. वेदांतल्या काही ऋचा यंत्रांकडे निर्देश करतात, असा त्यांचा अर्थ. तरुण तळपदे यांना हा अर्थ पटला. नुसता पटला असता तर ते प्रवचनकार झाले असते. त्यांना ते यंत्र बनवून पाहायचे होते.

त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला, आर्य समाजाच्या कामात भाग घेतला, ‘आर्यधर्म’ या नियतकालिकाचे संपादन केले. ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ हे पुस्तक त्यांच्या नावावर आहे. योगदर्शन आणि ऋग्वेद या विषयांवरही त्यांनी लिहिले. म्हणजे दिवसा कलाशिक्षक, उरलेल्या वेळी वेदाभ्यासक आणि घरी बांबू-लाकडाची जुळवाजुळव, असा हा संसार होता. पत्नी लक्ष्मीबाई या प्रयोगांत मदत करत, असेही सांगितले जाते.

तेव्हाची मुंबई

अशा माणसाला वेड्यात काढावे, असा तो काळ नव्हता. १८८९ मध्ये पर्सिव्हल स्पेन्सर हा इंग्रज बलूनवाला भारतात आला होता आणि बलूनमधून पॅराशूटने उडी मारण्याचे खेळ करत होता. आकाशात माणूस जातो, हे मुंबईकरांनी पाहिले होते. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला गेला. आणि तळपदे यांच्याहून तीन वर्षांनी लहान असलेले शंकर आबाजी भिसे याच शहरात यंत्रांचे नाद जोपासत होते. भिसे पुढे लंडनला आणि मग अमेरिकेला गेले, छपाईचे खिळे ओतण्याच्या यंत्राने त्यांचे नाव झाले, भारताचे एडिसन अशी ख्याती मिळाली.

भिसे यांचे नाव मुद्दाम घेतले. त्यांच्या यंत्रांची पेटंट आहेत, आकृत्या आहेत, पत्रव्यवहार आहे. त्यांच्याबद्दल वाद घालायला कागद तरी आहेत.

चौपाटीवर काय झाले, असे म्हणतात?

प्रचलित कथा अशी. १८९५ मध्ये तळपदे यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे विमान बनवले. मरुत म्हणजे वारा, त्याचा सखा. त्यात माणूस नव्हता, हे कथेतही स्पष्ट आहे, पण फॉरवर्ड होताना ते गळते. सांगाडा बांबूचा आणि चालकशक्ती पाऱ्याची. गिरगाव चौपाटीवर जमलेल्या लोकांसमोर ते सुमारे १५०० फूट वर गेले आणि खाली कोसळले. प्रेक्षकांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड होते, असेही म्हणतात. ‘केसरी’त बातमी आल्याचा हवाला दिला जातो.

हवाला दिला जातो, पण कात्रण कोणी दाखवत नाही. बातमी नेमक्या कोणत्या अंकात, कोणत्या तारखेला, हे दाव्यासोबत येत नाही. आता १५०० फूट म्हणजे किती, ते पाहा. फोर्टातला राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे. असे पाच टॉवर एकावर एक ठेवले तरी १५०० फूट होत नाहीत. चौपाटीवरून एखादी वस्तू एवढ्या उंचीवर गेली, तर ती मलबार हिलवरच्या बंगल्यांतून, गिरगावच्या गच्च्यांवरून, बंदरातल्या जहाजांवरूनही दिसली असती. शहरात तेव्हा मराठी, गुजराती, इंग्रजी वृत्तपत्रे भरपूर होती. एवढ्या मोठ्या गर्दीसमोरच्या घटनेची नोंद चहूकडे सापडायला हवी होती.

याचा अर्थ तळपदे यांनी काहीच केले नाही, असा होत नाही. टाउन हॉलमध्ये भरलेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांनी विमानाची प्रतिकृती मांडली होती, असा उल्लेखही त्यांच्याविषयीच्या लेखनात येतो. कलाशाळेतल्या शिक्षकाच्या बाबतीत हे अगदी शक्य कोटीतले वाटते. बांबू आणि कापडाचे हलके यंत्र, पतंगासारखे किंवा गरम हवेच्या जोरावर, थोडे वर गेले असेल तर त्यातही अशक्य काही नाही. संक्रांतीच्या आसपास गिरगावात कोणाला हे नवल वाटावे?

पाऱ्याचे इंजिन चालले असते का?

इथे मात्र गणित आडवे येते. एक लिटर पारा साडेतेरा किलो भरतो. उडणाऱ्या यंत्रात पहिला शत्रू वजन, आणि इथे इंधनच शिशापेक्षा जड. नव्या लेखांत याला आयन इंजिन म्हटले जाते, कारण अवकाशयानांच्या सुरुवातीच्या आयन इंजिनांत पारा खरोखर वापरला गेला होता. पण त्या इंजिनाचा रेटा जेमतेम एखाद्या कागदाच्या वजनाइतका असतो आणि ते निर्वात पोकळीतच चालते. चौपाटीच्या दमट हवेत ते स्वतःचे झाकणसुद्धा उचलणार नाही.

छोटे उडाले म्हणजे मोठे उडेल?

समजा मरुत्सखा उडाले. तरी ते राइट बंधूंच्या आधी ठरते का? नाही, आणि याचे कारण देशाभिमानाशी नाही, भूमितीशी जोडलेले आहे. विनामाणूस छोटी विमाने १८९५ च्या आधीच उडाली होती. फ्रान्सच्या अल्फाँस पेनो याने १८७१ मध्ये पॅरिसच्या बागेत रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान ११ सेकंद उडवले. अमेरिकेत सॅम्युएल लँगली यांचे सुमारे ११ किलो वजनाचे, वाफेवर चालणारे विमान ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर जवळपास एक किलोमीटर गेले.

लँगलींची पुढची गोष्ट तळपदे यांची कथा सांगणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. अमेरिकी युद्ध खात्याने त्यांना माणूस वाहून नेणारे विमान करायला ५० हजार डॉलर दिले. त्यांनी आधी एक-चतुर्थांश आकाराची प्रतिकृती केली. ती ऑगस्ट १९०३ मध्ये उडाली. मग पूर्ण आकाराचे विमान ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा ८ डिसेंबरला सोडले. दोन्ही वेळा ते थेट नदीत. नऊ दिवसांनी राइट बंधू १२ सेकंद उडाले.

असे का झाले? लांबी-रुंदी-उंची चौपट केली की पंखांचे क्षेत्रफळ सोळापट होते, वजन मात्र चौसष्टपट. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस फुटावर चौपट भार येतो. प्रतिकृतीत जी काडी पुरते, ती मोठ्या विमानात मोडते. राइट बंधूंनीही प्रतिकृतींवरच अभ्यास केला होता. १९०१ मध्ये घरी बनवलेल्या वाऱ्याच्या बोगद्यात त्यांनी दोनशेच्या आसपास छोटे पंख तपासले. फरक एवढाच, की प्रत्येकाचे आकडे लिहून ठेवले.

सुब्बराय शास्त्री यांचा संबंध

तळपदे यांनी ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथावरून विमान बांधले, असे सर्रास लिहिले जाते. तारखा पाहिल्या तर गाडी इथे अडते. कर्नाटकातल्या आनेकलचे पंडित सुब्बराय शास्त्री यांनी हा ग्रंथ तोंडी सांगितला तो १९१८ ते १९२३ या काळात. तेव्हा तळपदे हयात नव्हते. त्यातल्या विमानांच्या आकृत्याही त्याच सुमारास एका आरेखकाकडून काढून घेतलेल्या आहेत.

दोघांची गाठ पडली होती, एवढे खरे दिसते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची चिकित्सा केली. त्यात सांगितलेली विमाने उडू शकत नाहीत आणि ग्रंथ विसाव्या शतकातला आहे, हा त्यांचा निष्कर्ष बहुतेकांना माहीत असतो. त्याच निबंधात शास्त्रींच्या आत्मचरित्राच्या आधारे एक छोटी नोंद आहे. तळपदे यांच्या बोलावण्यावरून शास्त्री मुंबईला आले, त्यांच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी काही प्रतिकृती बनवल्या, पण एकही उडवण्यात त्यांना यश आले नाही.

या गोष्टीत तळपदे यांच्या सर्वांत जवळचा कागद बहुधा हाच आहे. तो दावा मोडतो. पण चिराबाजारातला हा शिक्षक एकामागून एक प्रतिकृती बनवत राहिला होता, हेही तोच कागद सांगतो.

शेवटची वर्षे

पैसे संपले, संस्थानिकांकडून अपेक्षित मदत आली नाही, पत्नीचे निधन झाले आणि उमेद खचली, असे त्यांच्या अखेरच्या दिवसांबद्दल सांगतात. मृत्यूचे वर्ष बहुतेक ठिकाणी १९१६ आढळते, काही ठिकाणी १९१७. त्यांच्या विमानाचे अवशेष घरातून एका इंग्रज कंपनीने विकत नेले ही कथाही तेव्हापासूनच चिकटली. पुरावा हरवला तर तो इंग्रजांनी नेला, हे आपल्याकडे सोयीचे उत्तर असते.

ते गेले तेव्हा युरोपात महायुद्ध पेटलेले होते. १९१५ मध्ये जर्मनांच्या फोकर विमानात फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सोडणारी मशीनगन बसली आणि लढाऊ विमान ही वस्तू जन्माला आली. ज्या यंत्राला तळपदे यांनी वाऱ्याचा मित्र म्हटले होते, त्याचे वीस वर्षांत हे झाले होते.

मग पुन्हा चर्चा का?

जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात इंडियन सायन्स काँग्रेस भरली आणि तिथे प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. त्यावर देशभर वाद झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस तळपदे यांच्या आयुष्यावर बेतलेला, आयुष्मान खुराना यांचा ‘हवाईजादा’ प्रदर्शित झाला. त्यात नायक स्वतः आकाशात उडतो. सिनेमा चालला नाही, संदेश मात्र चालतच राहिले. विलेपार्ल्यातल्या विमानविषयक एका प्रदर्शनात मरुत्सखाची प्रतिकृतीही मांडली गेली होती. ज्याची मूळ मापे हाती नाहीत, त्याची प्रतिकृती कशावरून केली हा प्रश्न तिथे कोणी विचारला असेल का?

मापे असली की काय होते, ते पाहायचे तर वरळीला जावे. दुसऱ्या महायुद्धातल्या फोकवुल्फ १९० या लढाऊ विमानाचे जर्मन रचनाकार कुर्ट टँक १९५६ मध्ये भारतात आले आणि हिंदुस्तान एअरक्राफ्टसाठी एचएफ-२४ हे लढाऊ विमान आखू लागले. थेट जेट बांधण्याआधी तिथल्या मंडळींनी पूर्ण आकाराचा, लाकडी, बिनइंजिनाचा ग्लायडर तयार केला, १९५९ मध्ये तो दुसऱ्या विमानाच्या मागे दोराने बांधून आकाशात नेला आणि सोडून पाहिला. खरे विमान १७ जून १९६१ रोजी उडाले. अशी १४७ विमाने बनली आणि १९७१ च्या युद्धात ती लढलीही. त्यातले एक नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात आहे. त्याचे नाव मारुत.