मुळीचे मोल

सोलापूरच्या भवानी पेठेत काय, पुण्यात काय किंवा मुंबईत काय, काष्ठौषधींच्या दुकानात गेले म्हणजे ज्येष्ठमध, अश्वगंधा, वेखंड अशा नाना प्रकारच्या वाळलेल्या मुळ्या दृष्टीस पडतात. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्यांवर विश्वास ठेवला आहे. परंतु कोणती मुळी खरोखर गुणकारी, कोणती निरुपयोगी आणि कोणती अपायकारक, हे नुसत्या विश्वासाने कळत नाही. त्यासाठी कोणीतरी चिकाटीने तिची कसोटी घ्यावी लागते. अशी कसोटी घेऊन सर्पगंधा या मुळीचे मोल साऱ्या जगाला पटवून देणारे थोर वैद्य म्हणजे मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील.

डॉ. वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबई येथे एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी इंग्लंडमध्ये घेतले. तेथे मानाचे स्थान मिळवणे त्यांना अवघड नव्हते. पण ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालयात रुग्णसेवा करू लागले. हृदय आणि रक्तवाहिन्या यांचे विकार हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्या काळी या विषयाचे तज्ज्ञ आपल्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांना उच्च रक्तदाबाचा विकार असे. हा विकार मोठा फसवा आहे. आपले हृदय अखंड आकुंचन पावून रक्त पुढे ढकलत असते आणि त्या रक्ताचा दाब रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडत असतो. राग, भीती, चिंता यांनी हा दाब काही काळ वाढतो व मन शांत झाले की उतरतो. काही माणसांत मात्र तो वाढलेलाच राहतो. वरून पाहणाऱ्याला रोग्यात काही उणे दिसत नाही. पण आत हृदय थकत असते आणि रक्तवाहिन्यांना इजा होत असते. सर्वांत मोठे भय असते ते मेंदूला. मेंदूतील नाजूक रक्तवाहिनी फुटली किंवा तुंबली, की क्षणार्धात माणसाची वाचा जाते, अर्धे अंग लुळे पडते आणि पुष्कळदा प्राणही जातो.

त्या काळी यावर खात्रीचे औषध नव्हते. अळणी जेवण, विश्रांती आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्या एवढेच उपाय वैद्यांच्या हाती होते. काही रुग्णांवर तर मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रिया करीत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना उच्च रक्तदाबाचा विकार होता. त्यांच्या सेवेला त्या देशातील नामांकित डॉक्टर होते. तरीही १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांचा अंत झाला. राष्ट्राध्यक्षांची ही कथा, तर मुंबईच्या रुग्णालयात येणाऱ्या गिरणी कामगाराला कोणते औषध मिळणार होते?

अशा वेळी डॉ. वकील यांचे लक्ष आपल्याच देशातील एका झुडपाकडे गेले. सर्पगंधा ही उंचीने कमरेपर्यंतही क्वचितच पोहोचते. तिची फुले पांढरी, किंचित गुलाबी छटेची असतात आणि पिकलेली फळे जांभळट काळी दिसतात. हिमालयाच्या पायथ्यापासून कोकणातील ओलसर रानापर्यंत ती उगवते. मराठीत तिला अडकई असेही नाव आहे. तिची मुळी नागमोडी व चवीला अतिशय कडू असते. साप चावल्यावर ती मुळी उगाळून देण्याची चाल होती. ती वेडसर व अतिशय प्रक्षुब्ध माणसाला शांत करते, असाही समज होता. म्हणून उत्तर भारतात तिला वेडावरची बुटी म्हणत. यांपैकी सापाच्या विषावरची तिची ख्याती कसोटीला उतरली नाही. दुसऱ्या समजुतीत मात्र पुष्कळ तथ्य होते.

हे तथ्य भारतीय संशोधकांनीच प्रथम उजेडात आणले. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात डॉ. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी या मुळीतून स्फटिकरूप द्रव्ये वेगळी केली आणि त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर आणि उच्च रक्तदाबावर उपयुक्त असल्याचे लिहिले. हे लेखन भारताबाहेर फारसे कोणी वाचले नाही. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या कित्येक डॉक्टरांना अशी मुळी म्हणजे अडाण्यांचे औषध वाटे. उलट जुन्या औषधांच्या काही अभिमान्यांना तिची परीक्षा घेणे हाच तिचा अपमान वाटे. डॉ. वकील यांनी मात्र मुळीचा अव्हेर केला नाही आणि डोळे झाकून स्वीकारही केला नाही. त्यांनी तिला रुग्णाच्या खाटेजवळ कसोटीला लावले.

हे काम दिसते तितके सोपे नाही. रुग्ण रुग्णालयात आला, त्याला विश्रांती मिळाली, डॉक्टरांनी धीर दिला, एवढ्यानेही त्याचा रक्तदाब थोडा उतरतो. मग उतार औषधाने पडला की विश्रांतीने, हे कसे ओळखावे? त्यासाठी पुन्हा पुन्हा रक्तदाब मोजावा लागतो, प्रत्येक आकडा लिहून ठेवावा लागतो आणि गुण आला नाही अशा रुग्णांचीही नोंद तितक्याच प्रामाणिकपणे करावी लागते. डॉ. वकील यांनी कित्येक वर्षे या मुळीचा उपयोग करून पाहिला. अखेर निवडक ५० रुग्णांवर केलेल्या चाचणीचा वृत्तान्त त्यांनी लिहून काढला आणि १९४९ साली तो ब्रिटिश हार्ट जर्नल या इंग्लंडमधील मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बहुतेक रुग्णांचा रक्तदाब उतरला होता. हा उतार सावकाश येई, पण औषध थांबवल्यावरही काही काळ टिकून राही. रुग्णांच्या मनाला एक प्रकारची शांतता लाभे, हेही त्यात नमूद होते.

हा लेख थोड्या पानांचा होता. पण त्याने जगभरच्या वैद्यांचे डोळे उघडले. अमेरिकेतील बोस्टन शहरी डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधेचा प्रयोग सुरू केला व तिचे गुण त्यांना प्रत्ययास आले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे म्यूलर, श्लिटलर आणि बाइन या शास्त्रज्ञांनी मुळीतील मुख्य गुणकारी द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव रिसर्पिन. ते इतके प्रभावी आहे, की दिवसाला एका मिलिग्रॅमचा चौथा हिस्सादेखील पुरेसा होतो. १९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरही त्याचा उपयोग होतो असे दाखवले. ज्या रुग्णांना कोंडून किंवा बांधून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्यांपैकी काहींना औषधाने शांत करता येते हा अनुभव त्या काळी सर्वस्वी नवा होता.

रिसर्पिन हे कार्य कसे करते? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी काही रासायनिक द्रव्यांचा साठा असतो. ही द्रव्ये निरोप्याप्रमाणे एका ठिकाणचा संदेश दुसरीकडे पोहोचवतात. मनावर ताण आला, की त्यांच्याकरवी रक्तवाहिन्यांना आवळण्याचा आणि हृदयाला जलद चालण्याचा संदेश जातो. रिसर्पिन हा साठाच कमी करते. निरोपे घटले, की संदेश मंदावतो, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. अशा रीतीने मेंदूवरचे संकट दूर राहण्यास मदत होते.

परंतु हेच निरोपे मेंदूतही काम करीत असतात. त्यामुळे या औषधाची एक काळी बाजूही उघड झाली. मोठ्या मात्रेत किंवा दीर्घकाळ रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना सुस्ती येई, हातपाय ताठ होत आणि मन अत्यंत उदास होई. जी मुळी मेंदूचे रक्षण करते, तीच अतिरेक झाल्यास मेंदूला पीडाही देऊ शकते. वनस्पतीपासून मिळालेले म्हणून ते निरुपद्रवी, असे मानणे किती धोक्याचे आहे हे यावरून ध्यानात येईल. औषध आणि विष यांत पुष्कळदा अंतर असते ते केवळ मात्रेचे.

विज्ञानाचे वैशिष्ट्य असे, की ते दोषापासूनही शिकते. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिनमुळे निश्चल झालेल्या सशांना १९५७ साली एल-डोपा हे द्रव्य दिले, तेव्हा ते ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. मेंदूतील डोपामिन या निरोप्याचे महत्त्व त्यातून कळले आणि हात कापणे व अंग ताठ होणे ही लक्षणे असलेल्या कंपवातावर उपचार सापडण्यास मदत झाली. या शोधासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. भारतातल्या एका मुळीपासून निघालेली वाट अशी दूरवर गेली.

डॉ. वकील यांच्या कार्याचा गौरवही योग्य प्रकारे झाला. १९५७ साली त्यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला आणि १९६५ साली शांतिस्वरूप भटनागर पारितोषिकाने त्यांचा सन्मान झाला. ते कुशल शिक्षक आणि लेखकही होते. रुग्णाची तपासणी कशी करावी, हे शिकवणारा त्यांचा व डॉ. अस्पी गोलवाला यांचा ग्रंथ वैद्यकाच्या असंख्य विद्यार्थ्यांनी अभ्यासला. रोगनिवारणाच्या इतिहासातील रंजक हकिकतीही त्यांनी सामान्य वाचकांसाठी लिहिल्या. २० नोव्हेंबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. भारतातील आधुनिक हृदयरोगशास्त्राचे जनक म्हणून आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

आता उच्च रक्तदाबावर अधिक सुरक्षित औषधे निघाली आहेत. त्यामुळे रिसर्पिनचा वापर फारच थोडा उरला आहे आणि वैद्याच्या सल्ल्यावाचून ही मुळी कोणीही घेऊ नये. म्हणून डॉ. वकील यांचे श्रम वाया गेले असे मात्र नव्हे. वाढलेला रक्तदाब औषधाने उतरवता येतो आणि मेंदूवर येऊ पाहणारा घाला टाळता येतो, ही आशा ज्या थोड्या औषधांनी प्रथम निर्माण केली, त्यांत सर्पगंधेचे स्थान मोठे आहे.

या कीर्तीची किंमत मात्र त्या झुडपाला मोजावी लागली. मुळीसाठी सबंध रोप उपटावे लागते. मागणी वाढली तशी रानेच्या राने खणली गेली आणि ही वनस्पती दुर्मीळ झाली. आज तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराने निर्बंध घातले आहेत. आपल्या रानावनांत अद्याप कोणाच्याही ध्यानात न आलेल्या कितीतरी वनस्पती असतील. त्या टिकल्या पाहिजेत आणि त्यांची कसोटी घेणारी चिकित्सक, प्रामाणिक माणसेही निपजली पाहिजेत. कारण परीक्षा केल्यावाचून मुळीचे मोल कळत नाही आणि मुळीच नष्ट झाली तर परीक्षा करायलाही काही उरत नाही.