बीएमआयचं सूत्र देणारा माणूस डॉक्टर नव्हताच! कोण होते अडॉल्फ केटले?

अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यातली आरोग्य तपासणी असो की जिमचा पहिला दिवस, बीएमआय विचारला जातोच. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे सूत्र आलं कुठून?

अडॉल्फ केटले यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७९६ रोजी आजच्या बेल्जियममधल्या गेंट शहरात झाला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. गणित शिकवता शिकवता त्यांनी १८१९ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे ब्रसेल्सची वेधशाळा उभारली.

खगोलशास्त्रात वापरलं जाणारं सरासरीचं गणित त्यांनी माणसांना लावलं. पूर्ण वाढ झालेल्या माणसांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, हे त्यांना नोंदींवरून दिसलं. त्यांचा शोध होता समाजातल्या 'सरासरी माणसाचा'. कुणा एकाचा लठ्ठपणा त्यांना ठरवायचा नव्हता. १८७४ मध्ये त्यांचं निधन झालं. बीएमआय हे नाव त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी दिलं.

पण सरासरी प्रत्येकाला लागू पडत नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

म्हणूनच भारतीयांसाठी २५ ऐवजी २३ पासूनच वजन जास्त धरलं जातं. तुमचा बीएमआय 'नॉर्मल' आला, तरी कंबरेचा घेर मोजाच. पुरुषांसाठी ९० आणि महिलांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा आहे.