विश्लेषण : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढच्या पिढीकडे उद्योगाचे ज्ञान कसे सोपवले?

घरगुती मालकीचे अनेक उद्योग पिढी बदलताना अडखळतात. संस्थापकाला सगळे ठाऊक असते, पण ते त्याच्यापाशीच राहते. किर्लोस्कर उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला.

ते स्वतः कुठे शिकले?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. घरात यंत्रांचा वारसा नव्हता. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग ओळखता येत नसल्याने चित्रकलेचा नाद सोडावा लागला. मग ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजची व्हीजेटीआय) शिकवू लागले. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली.

भावांमध्ये कामाची वाटणी कशी होती?

धंद्याची सुरुवात १८८८ मध्ये सायकलींपासून झाली. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत. थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. म्हणजे वस्तूबरोबर तिचा वापर शिकवणे हा धंद्याचा भाग पहिल्यापासूनच होता. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर आले. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज असल्याने पहिले नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली. चांगले यंत्र बनवणे पुरेसे नाही, ते वापरणाऱ्याला पटवावेही लागते, हा धडा तिथे मिळाला.

किर्लोस्करवाडीत काय घडले?

बेळगाव नगरपालिकेला जागा हवी असल्याने कारखाना हलवावा लागला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळरान आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. या कामात शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशी कुटुंबाबाहेरची माणसेही होती. कारखाना आणि वस्ती एकत्र असल्याने पुढची पिढी यंत्रांच्या आवाजातच वाढली.

मग मुलाला परदेशी का पाठवले?

जे आपल्याला येते ते घरी शिकवता येईल. जे येत नाही त्यासाठी बाहेर जावे लागेल, हे लक्ष्मणरावांनी ओळखले. १९२२ मध्ये मुलगा शंतनुराव आणि पुतण्या माधव यांना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये पाठवण्यात आले. या निर्णयाची किंमतही मोठी होती : क्षयाने माधव यांचे अकाली निधन झाले. शंतनुराव १९२६ मध्ये अभियंता होऊन परतले. ज्या विषयात वडिलांनी पदवी घेतली नव्हती, त्यात मुलगा पारंगत होता. अशा वेळी दोन पिढ्यांत खटके उडू शकतात. पण कारभार टप्प्याटप्प्याने शंतनुरावांकडे आला.

प्रत्येकाला अभियंताच व्हावे लागले का?

नाही. दुसरे पुतणे शंकरराव चित्रकार होते. विक्री आणि जाहिरातीचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी १९२० मध्ये कारखान्याची माहिती देणारे ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक घडले आणि ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही भावंडे आली. शंकररावांचे पुत्र मुकुंदराव यांनी तो संपादनाचा वारसा चालवला.

परिणाम काय झाला?

१९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स आणि बेंगळूरुत किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या स्थापन झाल्या. नांगरापासून निघालेला उद्योग डिझेल इंजिने आणि विजेच्या मोटारींपर्यंत पोहोचला, तो पुढच्या पिढीच्या हातून. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यापेक्षा अधिक जाणणारी माणसे घरात तयार होती आणि कारभारही त्यांच्याच हाती होता.