कॅप्टन मॅकॉनकी आणि त्याचे कैदी

तुरुंगाचे दार कैद्यामागे बंद होते तेव्हा पुढे काय होते, हे आपण निदान ऐकून तरी असतो. तेच दार उघडून तो बाहेर पडतो तेव्हा काय होते, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. गावी परतलेल्या माणसाला काम मिळत नाही, शेजारी तोंड फिरवितात, घरच्या मुलीचे लग्न अडते, आणि गल्लीत कोठे चोरी झालीच तर पोलीस आधी त्याचेच दार ठोठावितात. हिंडलग्याच्या तुरुंगावरून एस.टी.ने रोज ये-जा करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांच्या मनात हा प्रश्न येत असेल, कोण जाणे! पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका स्कॉटिश नौदल अधिकाऱ्याच्या मनात तो आला आणि त्यापायी त्याने आपली नोकरी, नाव व उतारवयातले स्वास्थ्य गमावले. अलेक्झांडर मॅकॉनकी हे त्याचे नाव.

मॅकॉनकीचा जन्म ११ फेब्रुवारी १७८७ रोजी एडिंबरो येथे झाला. वडील वकील होते, पण ते लवकर वारले. पुढे लॉर्ड मेडोबँक म्हणून प्रसिद्धीस आलेल्या अ‍ॅलन मॅकॉनकी या कायदेपंडित नातेवाईकाने मुलाचा सांभाळ केला. मुलाने वकील व्हावे अशी घरच्यांची अपेक्षा होती. त्याची ओढ समुद्राकडे. १८०३ साली तो ब्रिटिश नौदलात दाखल झाला. ते नेपोलियनबरोबरच्या युद्धाचे दिवस होते. १८११ च्या डिसेंबरात हॉलंडच्या किनाऱ्यावर भयंकर वादळात सापडून त्याच्या जहाजाला शरण जावे लागले. भर हिवाळ्यात कैद्यांना फ्रान्समधील व्हर्दंपर्यंत चालवीत नेण्यात आले, आणि १८१४ मध्ये नेपोलियनचा पाडाव होईपर्यंत मॅकॉनकी तेथे युद्धकैदी होता. कैद म्हणजे काय हे पुस्तकात वाचून कळलेल्या सुधारकांपैकी तो नव्हता, ही गोष्ट पुढचे सारे समजून घेताना लक्षात ठेवावी लागते.

युद्ध संपल्यावर त्याने लग्न केले, भूगोलाच्या अभ्यासात मन घातले. १८३० साली लंडनमध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला चिटणीस तोच झाला आणि १८३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भूगोलाचा पहिला प्राध्यापकही. इतक्यावरच थांबला असता तर एखाद्या भूगोलाच्या इतिहासात तळटीपेपुरते त्याचे नाव उरले असते. पण १८३६ साली त्याचा मित्र सर जॉन फ्रँकलिन व्हान डिमेन्स लँडचा, म्हणजे आजच्या टास्मानियाचा, गव्हर्नर नेमला गेला, आणि त्याचा खासगी चिटणीस म्हणून मॅकॉनकी बायकामुलांसह निघाला. (उत्तर ध्रुवाकडील समुद्रात दोन जहाजांसह कायमचा नाहीसा झाला तो फ्रँकलिन हाच.)

आपल्याकडे जसे अंदमान, तसे त्या काळी इंग्लंडातल्या गुन्हेगारांचे काळे पाणी म्हणजे ऑस्ट्रेलिया. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत सुमारे एक लाख साठ हजार माणसे तेथे पाठविली गेली. तेथे पोचलेला कैदी बहुधा एखाद्या वसाहतवाल्याच्या स्वाधीन केला जाई. मजुरी नाही, केवळ अन्नवस्त्र. मालक चांगला भेटला तर बरे, वाईट भेटला तर तक्रारीसरशी पाठीवर फटके. लंडनच्या तुरुंग-सुधारणा मंडळाने मॅकॉनकीला निघताना एक प्रश्नावली दिली होती. तिची उत्तरे त्याने डोळ्यांनी पाहून लिहिली. ही पद्धत गुलामगिरीच्या जातीची आहे, तिने कैदी सुधारत नाहीच, उलट मालकही बिघडतो, असा त्याचा निष्कर्ष होता. अहवाल लंडनला गेला आणि १८३८ साली पार्लमेंटच्या कागदपत्रांत छापला गेला. तो होबार्टला परत येऊन पोचताच फुकटच्या मजुरांवर जगणाऱ्या मंडळींनी एकच गहजब केला. फ्रँकलिनने आपल्या मित्राला चिटणीसपदावरून दूर केले.

आता याला करायचे काय? विचार मांडतोस तर करून दाखव, अशा भावनेने असो की अडगळीत टाकण्यासाठी असो, सरकारने त्याला नॉरफोक बेटाचा अधिकारी नेमले.

हे बेट सिडनीपासून सोळाशे-सतराशे किलोमीटर दूर, क्षेत्रफळ जेमतेम पस्तीस चौरस किलोमीटर. उंच सरळ पाइन वृक्षांनी भरलेले, अत्यंत रमणीय. आणि १८२५ पासून या रमणीय जागी, ऑस्ट्रेलियात येऊन पुन्हा गुन्हा केलेल्या कैद्यांना ठेवले जाई. तेथून सुटायची आशा त्यांनी धरू नये, अशीच योजना होती. १८३४ साली बंड झाले. त्यातील दोषींना फाशीचा निर्णय कळवायला अलथॉर्न नावाचा कॅथलिक धर्मगुरू कोठड्यांतून गेला. ज्यांना फाशी माफ झाली होती ते रडू लागले, आणि ज्यांना फाशी होणार होती त्यांनी गुडघे टेकून देवाचे आभार मानले, असे त्याने नमूद करून ठेवले आहे.

६ मार्च १८४० रोजी मॅकॉनकी या बेटावर उतरला. बरोबर पत्नी आणि मुले होती.

त्याची कल्पना मुळात साधी होती. न्यायाधीश शिक्षा वर्षांत मोजतो. दहा वर्षे म्हणजे दहा वर्षे. कैद्याने काम केले काय, भिंतीकडे पाहत बसला काय, दिवस सारखेच सरतात. मॅकॉनकी म्हणे, शिक्षा वर्षांत न मोजता कामात मोजा. सात वर्षांच्या कैद्याने सहा हजार गुण मिळवावेत, दहा वर्षांच्याने सात हजार, जन्मठेपेच्याने आठ हजार. ज्या दिवशी गुण पुरे होतील त्या दिवशी तो मोकळा. कष्टाने व चांगल्या वागण्याने गुण मिळत, गैरवर्तनाने कमी होत. अधिक चांगले अन्न हवे असेल तर तेही या गुणांतूनच विकत घ्यायचे, म्हणजे आज जिभेचे लाड की उद्याची सुटका हे ज्याचे त्याने ठरवायचे. काही काळानंतर कैद्यांनी सहासहांचे गट करायचे, आणि एकाच्या वर्तनाचे बरेवाईट साऱ्या गटाने सोसायचे. बाहेर गेल्यावर संसार चालवायचा तो काटकसरीने आणि दुसऱ्याची जबाबदारी घेऊनच ना? मग ते आतच शिकू दे, हा त्यातला हिशेब. या योजनेत दयेपेक्षा व्यवहारज्ञानच अधिक दिसते, असे मला वाटते.

त्याने फाशीचा खांब उतरविला. कैद्यांना छोट्या बागा करायला जमिनी दिल्या. पुस्तके आणि वाद्ये आणविली. मेलेल्या कैद्यांच्या थडग्यांवर नावाची शिळा लावण्याची परवानगी दिली; तोवर तीही नव्हती. बेटावर आल्यावर तिसऱ्याच महिन्यात राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी त्याने सगळे दरवाजे उघडले. कैद्यांना दिवसभर बेटावर हिंडण्याची मोकळीक होती. लिंबाच्या सरबतात थोडी रम घालून राणीच्या नावाने सर्वांना दिली गेली, कैद्यांनीच नाटक केले, रात्री दारूकाम झाले. शेवटी बिगूल वाजला आणि सारे जण मुकाट्याने आपापल्या कोठडीत परतले. एकही अनुचित प्रकार घडला नाही. सिडनीच्या वर्तमानपत्रांना मात्र रमचा तेवढा वास आला. गुन्हेगारांना मेजवान्या झोडायला लावणारा वेडा, अशी त्याची टवाळी झाली, आणि न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर गिप्स संतापला.

चार्ल्स अँडरसन या कैद्याची हकिकत सांगितल्याखेरीज नॉरफोकचे वर्णन पुरे होत नाही. पोरका वाढलेला हा खलाशी १८२७ च्या नॅव्हरिनोच्या लढाईत डोक्याला जखमी झाला आणि तेव्हापासून थोडी दारू पोटात गेली की त्याचे भान सुटे. कसल्याशा दंग्याधोप्यात सापडून सात वर्षांच्या शिक्षेवर तो सिडनीला आला. पळून जायचे, पकडले जायचे, फटके खायचे, असे किती वेळा झाले. शेवटी सिडनीच्या बंदरातील गोट बेटावर त्याला साखळीने खडकाला जखडून ठेवले. झोपायला खडकातच खोदलेली खाच होती. होड्यांतून जाणारे लोक गंमत म्हणून त्याच्याकडे पावाचे तुकडे फेकीत. पुढे एका मुकादमाच्या हत्येपायी तो नॉरफोकला आला तेव्हा वय चोविशीचे, दिसायला चाळिशीचा. मॅकॉनकीने त्याला कोणाच्याही हाताला न लागणारे बैल दिले आणि त्यांच्या कामात कोणी ढवळाढवळ करू नये असे बजाविले. बैल माणसाळले, अँडरसनही माणसाळला. नंतर त्याला माउंट पिट या टेकडीवर जहाजांना निशाणांनी खुणा करण्याच्या कामावर नेमले आणि खलाशाचा पोशाख परत दिला. ही हकिकत मुख्यतः मॅकॉनकीच्याच लेखणीतून आलेली आहे हे खरे. पण पुढे गव्हर्नर बेटावर आला तेव्हा त्यानेही अँडरसनला पाहून आश्चर्य केले, असे सांगतात.

या प्रयोगात एक मोठी खोट होती आणि ती मॅकॉनकीच्या हातची नव्हती. गुण पुरे झाले की सुटका, असे त्याने सांगितले. पण सुटका करण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता, तो सिडनीत आणि लंडनमध्ये होता. जुन्या कैद्यांना ही पद्धत लावू नये अशी तर गिप्सची स्पष्ट आज्ञा होती. एकाच बेटावर नव्यांना एक न्याय आणि जुन्यांना दुसरा, हे चालायचे कसे? मॅकॉनकीने सर्वांना एकच पद्धत लावली व वरिष्ठांचा रोष ओढवून घेतला. घरातही त्याला विश्वासाची किंमत द्यावी लागली. घरी येणाऱ्या एका तरुण कैद्यात आणि त्याच्या थोरल्या मुलीत प्रेम जडले; मुलीला इंग्लंडला धाडावे लागले आणि निंदकांना आयते कोलीत मिळाले.

मार्च १८४३ मध्ये गिप्स पूर्वसूचना न देता बेटावर उतरला. सहा दिवस राहून त्याने कैद्यांना गाठून विचारपूस केली. बेटावर शांतता व शिस्त पाहून त्याने बराचसा अनुकूल अहवाल लिहिला. पण पत्रे जहाजाने जाणारी! अहवाल लंडनला पोचण्याआधीच तिकडे मॅकॉनकीला परत बोलाविण्याचे ठरले होते. फेब्रुवारी १८४४ मध्ये मेजर चाइल्ड्सने त्याची जागा घेतली. बागा, सवलती एकेक करून गेल्या. १ जुलै १८४६ रोजी, कैद्यांची स्वतःची स्वयंपाकाची भांडीदेखील जप्त झालेली पाहून त्यांनी उठाव केला, चार जण मारले गेले आणि ऑक्टोबरात एकाच दिवशी बारा कैद्यांना फासावर चढविले.

सुटलेल्या कैद्यांचे काय झाले? मॅकॉनकीच्या हिशेबाप्रमाणे त्याच्या कारकिर्दीत सिडनीला सोडलेल्या, दोनदा शिक्षा झालेल्या ९२० जणांपैकी १८४५ च्या आरंभापर्यंत केवळ २० जणांना पुन्हा शिक्षा झाली. आकडा त्याचा स्वतःचा आणि मुदत थोडी, म्हणून तो जपूनच घ्यावा. पण आणखी एक साक्ष आहे. सिडनीत या सुटलेल्या माणसांना लोक मॅकॉनकीचे सद्गृहस्थ म्हणत. थट्टेने पडलेले नाव खरे, तरी नॉरफोकहून आलेल्या माणसाला सद्गृहस्थ म्हणण्याची थट्टा पूर्वी कोणाला सुचलीच नसती.

इंग्लंडात परतल्यावर त्याने पुस्तिका लिहिल्या. १८४६ मधील एका पुस्तिकेचे नाव गुन्हा आणि शिक्षा. डोस्टोव्हस्कीची याच नावाची कादंबरी येण्याआधी वीस वर्षे. १८४९ मध्ये बर्मिंगहॅमच्या नव्या तुरुंगाचा तो प्रमुख झाला, पण इंग्लंडच्या कायद्यात गुणपद्धतीला जागा नव्हती आणि साठी ओलांडलेल्या मॅकॉनकीला ते काम झेपलेही नाही. दोन वर्षांत त्याला काढून टाकण्यात आले. त्याच्यामागून आलेल्या ऑस्टिनच्या छळामुळे १८५३ साली एका पंधरा वर्षांच्या मुलाने कोठडीत गळफास घेतला. चौकशी झाली. तीत मॅकॉनकीच्या काळातही काही कैद्यांना नियमबाह्य शिक्षा झाल्याचे आढळले. चरित्रनायकाला सोवळे ठेवण्याच्या नादात हे गाळणे योग्य नव्हे.

त्याचा विचार उचलला तो आयर्लंडच्या तुरुंगांचा प्रमुख वॉल्टर क्रॉफ्टन याने, १८५४ नंतर. गुण मिळवीत कैदी टप्प्याटप्प्याने वर चढे; शेवटच्या टप्प्यात डब्लिनजवळ लस्क येथे शेतीवर जवळजवळ पहाऱ्यावाचून काम करी आणि मग परवान्यावर सुटे. मॅकॉनकीच्या योजनेत जी कडी सुटली होती ती येथे जोडली गेली. सुटलेल्याला काम कोण देणार? त्यासाठी जेम्स ऑर्गन नावाचा एक शिक्षक नेमला होता. तो दिवसा मालकांचे दरवाजे झिजवून सुटलेल्यांना काम मिळवून देई आणि पुढे त्यांची गाठभेट घेत राही. मालकाची समजूत काढणे हेच त्याच्या कामातले सर्वांत कठीण अंग असले पाहिजे. मेरी कार्पेंटर या बाईंनी क्रॉफ्टनच्या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला. १८६६ साली भारतात आल्या तेव्हा शाळांबरोबर त्यांनी इकडील तुरुंगही पाहिले. आज आपल्या तुरुंगांत काम व वर्तन पाहून शिक्षेत मिळणारी सूट, पॅरोल, खुली कारागृहे ही सारी याच विचाराच्या गोतावळ्यातली. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ वसविलेली कैद्यांची मुक्त वसाहत, स्वतंत्रपूर, आपल्याला माहीत असते ती व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामुळे. राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या त्या प्रयोगात मॅकॉनकीचे नाव कोणी घेतले नसेलही, पण पहाऱ्यावाचून शेत कसणारा तेथील कैदी पाहून कॅप्टनला नॉरफोकच्या बागा आठवल्या असत्या.

२५ ऑक्टोबर १८६० रोजी लंडनजवळ मॉर्डन येथे मॅकॉनकी वारला. तेथल्याच चर्चच्या आवारात त्याला पुरले. ऑस्ट्रेलियाने त्याची आठवण केली ती फार उशिरा आणि जरा विचित्र रीतीने. कॅनबेरा येथे २००८ साली उभारलेल्या नव्या तुरुंगाला त्याचे नाव दिले आहे.