पहिला कर्णधार : कर्नल सी. के. नायडू

भारतीय क्रिकेटच्या जमाखर्चाची वही उघडून पाहिली, तर कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू यांच्या नावापुढे डोळे दिपविणारे आकडे आढळत नाहीत. सात कसोटी सामने, ३५० धावा, ९ बळी. शतक एकही नाही. आजची मुले असे आकडे पाहून नाक मुरडतील. तरीही या सात सामन्यांच्या धन्यास जे स्थान लाभले, ते पुढे हजारो धावा काढणाऱ्यांपैकीही फार थोड्यांच्या वाट्यास आले. असे का व्हावे, हे निदान इंदूरच्या विद्यार्थ्यांनी तरी जाणून घ्यावे. कारण या पुरुषाच्या आयुष्याची चव्वेचाळीस वर्षे याच नगरीशी निगडित होती.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे झाला. घराणे तेलुगू, गाव मराठी, आणि पुढील कर्मभूमी माळवा. घरची बोली एक आणि शाळेची दुसरी असणाऱ्या आमच्यासारख्या कोकणी माणसांस याचे नवल वाटत नाही. परंतु अशा माणसास पुढे कोणा एका प्रांताचा म्हणणे कठीण होऊन बसते, हेही खरे. हिस्लॉप कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १९१६ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघातर्फे ते युरोपियनांविरुद्ध प्रथम उतरले आणि त्यांनी आपले खाते षटकाराने उघडले. १९२३ साली होळकर दरबाराने त्यांस इंदुरास बोलावून आपल्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले.

त्या काळी भारताला कसोटी सामने खेळण्याचा अधिकारच नव्हता. तो मिळण्यास जी कारणे घडली, त्यांत १ डिसेंबर १९२६ या दिवसाची गणना अवश्य करावी लागेल. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी. चा संघ आला होता आणि मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाशी त्याचा सामना चालू होता. नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. त्यांत अकरा षटकार आणि तेरा चौकार होते. म्हणजे ११८ धावा केवळ सीमापार चेंडू धाडून झाल्या! वार्ता शहरात पसरताच लोक कामधाम टाकून मैदानाकडे लोटले आणि आसपासच्या झाडांवर व छपरांवर दाटी झाली, असे सांगतात. पाहुण्यांनी नायडूंस चांदीची बॅट भेट दिली. हे लोक आपल्या बरोबरीने खेळू शकतात, अशी गिलिगन यांची खात्री पटली. त्यांच्या उत्तेजनानंतर १९२८ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले.

कसोटीचा योग आला तो १९३२ साली, इंग्लंडच्या दौऱ्यावर. तेव्हा नायडूंचे वय छत्तीस होते. खेळाडू ज्या वयात बॅट खुंटीस टांगतात, त्या वयात यांचा आरंभ झाला! आता येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. संघाचा कर्णधार हा राजघराण्यातीलच असला पाहिजे, अशी तेव्हाची समजूत होती. त्यानुसार पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि लिंबडीचे राजपुत्र उपकर्णधार नेमले गेले. परंतु पोरबंदरच्या महाराजांना आपल्या फलंदाजीची योग्यता पुरती ठाऊक होती. लॉर्ड्‌सच्या सामन्यातून ते आपण होऊन बाजूस झाले, लिंबडीकर दुखापतीने पडले, आणि नेतृत्व नायडूंकडे आले. आदल्या रात्री काही खेळाडूंनी त्यांच्या हाताखाली खेळण्यास कुरकुर केली, अशी कथा आहे. राजाची आज्ञा निमूट पाळणाऱ्यांस आपल्यासारख्याच एका खेळाडूची आज्ञा जड वाटावी, हे मनुष्यस्वभावास धरूनच म्हणावे काय? महाराजांनी मात्र आपली उचल सोडली नाही. त्यांचे हे औदार्य आम्हांस त्यांच्या साऱ्या वैभवाहून मोठे वाटते.

२५ जून १९३२ रोजी सकाळी सामना सुरू झाला. महंमद निसार यांनी दोन्ही सलामीवीरांचे त्रिफळे उडविले, तिसरा गडी धावबाद झाला, आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ अशी झाली. तो आवेश अखेरपर्यंत टिकला नाही. भारत १५८ धावांनी हरला. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हातास जबर दुखापत झाली होती, तरी पहिल्या डावात भारतातर्फे सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. त्या दौऱ्यातील प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांनी १,६१८ धावा काढल्या आणि ६५ बळी घेतले. बर्मिंगहॅम येथे त्यांनी मारलेला एक चेंडू मैदानालगतची रिया नदी ओलांडून गेला. ही नदी तेव्हा दोन परगण्यांची सीमा होती. म्हणून षटकार एका परगण्यात मारला आणि पडला दुसऱ्यात, असे कौतुकाने सांगितले जाते. ‘विझ्डेन’ या क्रिकेटच्या वार्षिक ग्रंथाने १९३३ साली त्यांची वर्षातील पाच श्रेष्ठ खेळाडूंत गणना केली.

१९३३-३४ साली जार्डिन यांचा इंग्लिश संघ भारतात आला, तेव्हा तिन्ही कसोटींत नायडूच कर्णधार होते. मुंबईच्या सामन्यात लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक झळकाविले. त्या वेळी दुसऱ्या बाजूने नायडूंनी ६७ धावा काढल्या आणि दोघांनी मिळून १८६ धावांची भर घातली.

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात वारे पुन्हा फिरले. नेतृत्व विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. पोरबंदरकरांप्रमाणे बाजूस होण्याची बुद्धी त्यांस झाली नाही. संघात तट पडले, अमरनाथांस मधूनच घरी धाडण्यात आले, आणि पहिला कर्णधार साधा खेळाडू म्हणून तिन्ही कसोटी खेळला. इंदूरच्याच मुश्ताक अली यांनी मँचेस्टर येथे ११२ धावा काढून परदेशात भारताचे पहिले शतक नोंदविले. या मुलातील गुण लहानपणीच हेरून त्यास घडविणारे नायडूच होते. ओव्हलच्या अखेरच्या सामन्यात गबी ॲलन यांचा उसळता चेंडू नायडूंच्या छातीवर बसला. ते कळवळले, परंतु मैदान सोडून गेले नाहीत. त्या डावात त्यांनी ८१ धावा काढल्या. चाळिसाव्या वर्षी काढलेल्या याच त्यांच्या कसोटीतील सर्वाधिक धावा, आणि हाच त्यांचा अखेरचा कसोटी डाव. पुढे दहा वर्षे भारतास कसोटी सामना लाभला नाही.

मात्र इंदुरात त्यांचा खेळ थांबला नव्हता. होळकर संघाने त्यांच्या शिस्तीखाली रणजी करंडक जिंकला. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा विख्यात फलंदाज डेनिस कॉम्प्टन त्यांच्या हाताखाली खेळला! त्याच्या पुढच्या हंगामात, पन्नाशी ओलांडल्यावर, नायडूंनी बडोद्याविरुद्ध २०० धावा काढल्या. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात दत्तू फडकर यांच्या चेंडूने त्यांचे दोन दात पडले. उपचार नाकारून छप्पन्न वर्षांचा हा गृहस्थ पुढे खेळतच राहिला. १९५६ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. १९५६-५७ साली ते उत्तर प्रदेशातर्फे शेवटचे रणजी सामने खेळले. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. १९६३-६४ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, जन्मगावी नागपूर येथे मदतनिधीच्या एका सामन्यासाठी त्यांनी पुन्हा एकदा पॅड बांधले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले.